पट्टा सैल झालाय!

'धिस हीट' हे नाव ऐकलंय? नसेलच. लंडनचं हे त्रिकूट, १९७६ ते १९८२. ब्रिक्स्टनमध्ये एका जुन्या कोल्ड स्टोरेजमध्ये यांची प्रॅक्टिस; स्टुडिओचं नावही तेच ठेवलं. त्यातल्या गॅरेथ विल्यम्सला धड कुठलंच वाद्य येत नव्हतं, तरी बॅण्डमध्ये! '२४ ट्रॅक लूप' (१९७९) म्हणजे तर स्वतःच वाजवलेल्या तुकड्याची टेप गोल फिरवत ठेवायची आणि मिक्सरवर खेळायचं.

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये मी ते मोठ्यानं लावलं. बाबा लेथवरून मान न वळवता म्हणाले, "बघ रे, कुठला तरी पट्टा सैल झालाय." मी जाम हसलो. पण दोन मिनिटांत हात पुसत स्पीकरजवळ येऊन बसले. "ताल पक्का आहे की लेका!"

विल्यम्स पुढे बॅण्ड सोडून कथकली शिकायला केरळात आला. आईचं यावर म्हणणं, "गोरी माणसं इकडं येत्यात, तू तेवढा पुण्याला जा."

लेथला गिऱ्हाईक ठरलंय. मी आयटीत, चालवणार कोण? म्हणून मागच्या रविवारी तिचा आवाज मोबाईलवर घेतला. अकरा मिनिटं. ऑफिसच्या बसमध्ये ऐकतो. सातव्या मिनिटाला बाबांची शिंक आहे. ती कापलेली नाही.