चालत जाण्याच्या अंतरावरची शाळा

नेदरलँड्समध्ये शाळेत जायला जूनची वाट पाहावी लागत नाही. मुलाचा चौथा वाढदिवस झाला की त्याला वर्गात जाता येतं. वर्ग आधीच भरलेला, खेळ ऐन रंगात. वाहत्या ओढ्याला एखादी धार येऊन मिळावी तसं ते नवं मूल त्यात मिसळतं. शाळा सक्तीची होते ती पाचव्या वर्षानंतर.

पुणं सोडून आम्ही आम्स्टलव्हेनला आलो, तेव्हा लेकीचा चौथा वाढदिवस जवळ आला होता. फोनवर आईचा पहिला प्रश्न, "तिकडे इंग्लिश मीडियम नाही का गं?" त्या प्रश्नात तिच्या पिढीची सगळी धडपड होती. इंग्रजीच्या दाराबाहेर ताटकळलेल्यांना लेकरांसाठी तेच दार आधी उघडावंसं वाटणार. इंग्रजी शाळा इथे आहेतही. पण फी भारी, आणि मैत्रिणी गावभर पांगलेल्या.

उलट डच शाळा हाकेच्या अंतरावर, तीही एक नव्हे. १९१७ साली इथल्या राज्यघटनेने सरकारी आणि धार्मिकसह सगळ्या खासगी शाळांना सरकारी पैशाचा सारखाच हक्क दिला. म्हणून एकाच वस्तीत कॅथलिक, प्रोटेस्टंट, माँटेसरी, डाल्टन अशा शाळा शेजारी नांदतात. माँटेसरीच्या वर्गात त्या पद्धतीतला गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा दिसला आणि मला बोर्डी-कोसबाडच्या ताराबाई मोडक आठवल्या. मारिया माँटेसरी १९३९ ते १९४६ भारतात होत्या, आयुष्याची अखेर मात्र त्यांनी इथे नेदरलँड्समध्येच, नोर्डवाइकला पाहिली. ताराबाईंनी तोच विचार बिया, शंख, माती यांच्या साथीने आदिवासी पाड्यांवर नेला. त्या परक्या वर्गात पाऊल टाकताना मन थोडं निवलं ते यामुळेच.

शाळा पाहायला गेलं की मुख्याध्यापक स्वतः फिरवून दाखवतात. मी भिंतींवरची चित्रं पाहिली, मुलांच्या उंचीला लावलेल्या खुंट्यांवरचे ओले रेनकोट पाहिले. पण विचारलं एकच, "मूल बोललंच नाही तर?" मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "आम्ही थांबतो."

आणि त्या थांबल्या. लेक कित्येक आठवडे वर्गात गप्प होती. घरी मात्र बाहुल्यांना ओळीने बसवून त्यांच्याशी अस्सल डच सुरात काहीबाही बोलायची. नव्या भाषेत पडलेली मुलं आधी नुसती ऐकतात, साठवतात. हे वाचून ठाऊक असलं तरी आईच्या पोटातला गोळा काही विरघळत नाही. मग एका बुधवारी, शाळा लवकर सुटते त्या दिवशी, ती फाटकातून एका मुलीचा हात धरून आली आणि डचमध्येच म्हणाली, की ही आपल्या घरी खेळायला येणार आहे. मी मान डोलावली. डोळे भरून आले होते.

पहिली दोन वर्षं वाळू, पाणी, गाणी यांतच जातात. वाचन-लेखन रीतसर सुरू होतं तिसऱ्या वर्षी. माझ्या बाबांना हा उशीर वाटतो, पाढ्यांची चौकशी थांबत नाही. मला मात्र हा अवकाशच मोलाचा वाटतो. भाषा आधी कानात मुरते, मग कागदावर उतरते.

सर्वांनाच हे सोयीचं नाही. दहा-अकरा वर्षांचं मूल घेऊन येणाऱ्यांचं गणित निराळं, कारण इथे बाराव्या वर्षाच्या आसपास शाळेच्या शिफारशीवर पुढची वाट ठरते आणि तोवर डच पक्की व्हायला वेळ उरत नाही. दोन वर्षांत परतायचं नक्की असेल, तर इंग्रजी शाळाच बरी.

पण मूल लहान असेल आणि मुक्काम लांबचा, तर आधी घराजवळच्या डच शाळेचं दार ठोठावा. मराठीचं ओझं मात्र त्या शाळेवर टाकू नका. ते काम घराचं आहे. रात्रीची गोष्ट मराठीतच सांगा, आणि रोज सांगा.