वय नव्हे, सोडियम

आमच्या काकांचं मागे प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. वय ७४. संध्याकाळी ते बरळायला लागले. जमलेली मंडळी म्हणाली, "वय झालंय, होतं असं." काकू मात्र हटेना. "सकाळी ह्यांनी शब्दकोडं सोडवलंय. डॉक्टरांना बोलवा!" रक्त तपासलं. सोडियम ११८. हवं १३५ ते १४५.

आता हे झालं कसं? टीयूआरपीमध्ये मूत्रमार्गातून दुर्बीण घालून वाढलेली ग्रंथी विजेच्या तारेने खरवडतात. रक्तामुळे दिसेनासं होतं, म्हणून आत सतत पाणी सोडतात. जुन्या मोनोपोलर यंत्राला मिठाचं पाणी चालत नाही, कारण ते वीज वाहून नेतं. मग ग्लायसिनचं पाणी वापरतात. उघड्या शिरांतून ते जास्त आत गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येऊ शकते. मळमळ, धूसर दिसणं, गोंधळ, कधी फिट. याला म्हणतात टीयूआर सिंड्रोम. दुर्मिळ आहे, पण जिवावर बेतू शकतं. उपचारही जपून: सोडियम फार झपाट्याने वाढवलं तर मेंदूला इजा होते. काका दोन दिवसांत ताळ्यावर आले.

बायपोलर यंत्रात सलाईन चालतं, त्यामुळे हा धोका खूपच कमी होतो. तुमच्या बाबांचं ऑपरेशन ठरलं तर 'मोनोपोलर की बायपोलर?' एवढं जरूर विचारा.

आणि आपण कोड बिघडला की काय विचारतो? "काल चालत होतं, मग मध्ये काय बदललं?" म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीतही आधी हेच विचारायचं. वय एका दुपारीत वाढत नाही.