गोल झालेला बोल्ट

आमच्या थोरल्या बंधूंनीं हौसेनें घेतलेली प्रीमिअर पद्मिनी गाडी, ते गेल्यावर तीन पावसाळे वाड्याच्या बोळांत उभी होती. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीं गेली. तेव्हां आमच्या घरींहि ‘आतां भंगारांत द्यावी’ असेंच बहुतेकांचें मत पडलें. वहिनी मात्र कांहीं बोलल्या नाहींत, आणि त्यांचें न बोलणें ओळखून पुतण्यानें दुरुस्ती अंगावर घेतली.

इंजिन तापत असे. पाण्याची वरची नळी सिलिंडर हेडला जेथें मिळते, तेथील झाकण काढावयाचें होतें. एक बोल्ट कांहीं केल्या हालेना. पुतण्यानें त्यावर तेल सोडलें आणि ‘उद्यां पाहूं’ म्हणून तो झोपावयास गेला.

आम्हांस मात्र झोप येईना. चाळीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोटून घेतलेल्या माणसास एका बोल्टानें दाद देऊं नये! बॅटरी घेऊन आम्ही बोळांत उतरलों. पद्मिनी मूळची इटालियन घराण्याची, तिचा बोल्ट १४ मिलिमीटरचा. आमच्या हातीं आलेला पाना जुन्या पेटींतील ९/१६ इंची, म्हणजे जवळजवळ १४.३ मिलिमीटरचा, आणि तोंडाशीं झिजलेला. आटे प्रदक्षिणेनें आवळतात व उलट फिरविल्यानें सुटतात, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु बोल्टाचें डोकें गाडीच्या पुढल्या अंगास, आणि आम्ही मागल्या बाजूनें वाकलेले. तेथून प्रदक्षिणा उलटी दिसते, हें घाईंत सुचलें नाहीं. प्रथम आवळला, मग चूक उमगून उलट हिसडा दिला. पाना निसटला आणि षट्कोनी डोकें सुपारीसारखें गोल झालें.

सकाळीं वहिनी पुतण्यास म्हणाल्या, “जमत नव्हतें तर हात कशाला लावलास?” तो खालीं मान घालून उभा राहिला. आम्हीं वर्तमानपत्र तोंडासमोरून काढलें नाहीं.

नाना पेठेंतून मिस्त्री आले. त्यांनीं डोकें फडक्यानें पुसून पाहिलें. “कोपरे दोन्ही अंगांनीं खाल्लेत. कोणीतरी आधीं आवळलाय. मास्तर, जरा उजेड धरा.”

आम्हीं उजेड धरला. त्यांनीं १३ चा षट्कोनी बॉक्सपाना हातोडीनें त्या डोक्यावर ठोकून बसविला, तोहि घसरला. तेव्हां बॅटरीची तार सोडविली, पेट्रोलची नळी दूर केली, आणि गोल डोक्यावर एक मोठा नट ठेवून आंतून वेल्डिंग केलें. यांत दुहेरी लाभ. नव्या नटामुळें पान्यास कोपरे मिळतात, आणि उष्णतेनें गंजाची पकडहि ढिली होते. हेड ॲल्युमिनियमचें, तें पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें, म्हणून तापल्यावर भोंक बोल्टापेक्षां अधिक मोकळें होतें. मात्र येथें सरळ ज्योत धरणें जोखमीचें. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें, मिश्रधातु त्याहून आधीं, आणि लोखंडाप्रमाणें लाल होऊन आगाऊ सूचना देत नाहीं.

मिस्त्रींनीं जोर लावला नाहीं. किंचित् मागें, किंचित् पुढें, पुन्हां तेल. असें अर्धा तास चाललें. घाईनें बोल्ट आंतच तुटला, तर त्याच्या मध्यावर भोंक पाडून उलट आट्यांची खुंटी घालावी लागते; तीहि तुटली तर ती इतकी कठीण असते कीं साधें ड्रिल तिच्यावर चालत नाहीं, असें ते सांगत होते. आमचें लक्ष पुतण्याकडे होतें.

“तो रात्रीं आम्हींच आवळला,” आम्हीं त्यास म्हणालों.

“ठाऊक आहे, काका. तुमच्या चपलांचा आवाज ऐकला होता मीं.”

इतक्यांत बोल्ट करकरला आणि फिरूं लागला. त्याच्या आट्यांत पांढरी भुकटी भरली होती. मिस्त्रींनीं टॅप फिरवून भोंक साफ केलें, नव्या बोल्टास ग्रीस लावलें आणि तो आमच्या हातीं दिला. “पहिले फेरे बोटांनीं, मास्तर. पाना मागाहून.”

या खेपेस आम्ही गाडीच्या पुढें जाऊन उभे राहिलों. वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हां रात्रीची हकीकत त्यांनाहि सांगितली.