औंधच्या आप्पासाहेबांचं देणं

आप्पासाहेब पंतांना मी कधी भेटलो नाही. 1992 साली ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. तरी आमच्या घरावर त्यांचं देणं आहे.

माझे आजोबा आटपाडीकडचे. दुष्काळी मुलूख, तेव्हा औंध संस्थानात. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कार घरोघरी नेणारे, स्वतः चित्रकार. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले. मोठ्या कोर्टात नाव कमवायचं वय होतं. पण मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरच्या सोबतीने आणि गांधीजींच्या सल्ल्याने ते वडिलांची सत्ता रयतेच्या हाती देण्याच्या कामाला लागले. जानेवारी 1939 मध्ये औंधची स्वराज्याची घटना जाहीर झाली. गावोगाव पंचायती आल्या, गावातले तंटे गावातच मिटू लागले.

आजोबा पंच झाले. ते सांगायचे, “कचेरीभायेर जोडं काढून हुबं ऱ्हायचो, ते चावडीत बसून निवाडं कराय लागलो.” निवाडा लिहायचा तर अक्षर हवं, म्हणून भर वयात ते बाराखडी शिकले. पुढे आत्यांना शाळेत घालताना भावकीचा विरोध त्यांनी जुमानला नाही. आज मी तालुक्याच्या कोर्टात उभा राहतो तो त्या बाराखडीच्या जोरावर.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरबद्दलही ते अभिमानाने बोलत. भिंतींवाचून कैद्यांची वसाहत! व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरच बेतलेला.

1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि नेहरूंनी आप्पासाहेबांना भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला पाठवलं. आफ्रिकन पुढाऱ्यांशी त्यांची जवळीक तिथल्या ब्रिटिश सरकारला खुपली. ती खुपणारच. बापाचं राज्य रयतेला देण्यात ज्याने हात घातला, तो दुसऱ्यांच्या गुलामीकडे पाठ कशी फिरवील? पुढे गंगटोक, जकार्ता, ओस्लो, कैरो, लंडन, रोम. गंगटोकला असताना तर भारताच्या तिबेटविषयक कामाचे धागे त्यांच्या हातून जात होते.

तरीही माझ्या लेखी त्यांचं मोठं काम औंधचंच. आमच्या भागातल्या शाळांत ती घटना शिकवत नाहीत. शिकवायला हवी, आणि ज्या गावांत त्या पंचायती बसल्या, तिथून सुरुवात व्हायला हवी.