आगगाडीभर माणसं

कॉलेजात असताना मार्केझची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ ही कादंबरी वाचली ती चमत्कारांसाठी. सुंदर रेमेदिओस चादरींच्या घड्या घालता घालता आभाळात निघून जाते, ते पान मी मित्रांना वाचून दाखवायचो. केळी कंपनीतल्या संपाचं प्रकरण भराभर उलटलं. गोळीबार होतो, केळ्यांचे घड लादावेत तशी प्रेतं रचून आगगाडी समुद्राकडे निघते. तीतून उडी मारून सुटलेला होसे आर्कादिओ सेगुंदो तीन हजारांवर माणसं मेल्याचं सांगतो, आणि कादंबरीतल्या माकोंदो गावात कुणालाच काही आठवत नाही.

पुढे वार्ताहर म्हणून कामगार न्यायालयात चकरा सुरू झाल्या. तिथे वकील बिनदिक्कत सांगत, ‘ही आमची माणसंच नाहीत, कंत्राटदाराची आहेत.’ मी कादंबरी पुन्हा काढली. तिच्यातलं कोर्ट निवाडा देतं की केळी कंपनीकडे कामगार नाहीतच. ही मार्केझची करामत नव्हे! १९२८ साली कोलंबियात युनायटेड फ्रूट कंपनीचा पवित्रा हाच होता : मजूर कंत्राटदार आणतात, आमचा त्यांच्याशी संबंध नाही. संपकऱ्यांच्या मागण्या तरी काय? आठवड्याची सुट्टी, आठ तासांचा दिवस, आणि कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या कुपनांऐवजी रोख पगार. ५ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर सिएनागाच्या स्टेशनाजवळ जमलेल्या गर्दीवर सैन्याने गोळ्या झाडल्या. मार्केझ तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. त्याचं गाव अराकाताका याच केळी-पट्ट्यातलं.

मेले किती? सरकारने आधी ९ सांगितले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या जनरल कोर्तेस वार्गासने स्वतःच्या पुस्तकात ४७ लिहिले. अमेरिकी वकिलातीच्या खलित्यात हजारावर. तीन हजार हे कादंबरीतले. म्हणजे कामगारच नसल्याचा जो निवाडा अशक्य वाटतो तो कंपनीच्या दफ्तरातला, आणि आकडा, ज्यावर इतिहासवाले विसंबतात, तो रचलेला. कादंबरी १९६७ ची. नंतर एका स्मृतिदिनी कोलंबियाच्या सिनेटमध्ये तीन हजार हुतात्म्यांसाठी मिनिटभर स्तब्ध राहण्याची विनंती झाली. मार्केझने आत्मचरित्रात ते समाधानाने नोंदवलंय.

मला ते समाधान खटकतं. बातमीत आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागायचा, ती खोड अंगात मुरलीय. पण ९ च्या आकड्याला सरकारी शिक्का असूनही खुद्द जनरलनेच तो खोटा पाडला. मार्केझने निदान आपला आकडा का फुगवला ते सांगून टाकलं : आगगाडी भरायची होती.