समोरचा वारा

पुष्य नक्षत्र लागलं की गावाकडे म्हातारा पाऊस आला म्हणतात. त्याच्या आधीचा पुनर्वसूचा, तो तरणा. सायकलवाल्याला विचाराल तर दोघांत म्हाताराच खमका. तरणा सरीवर सर टाकतो आणि मध्ये दम खातो. म्हातारा एकदा बसला की चार-चार दिवस हलत नाही, आणि येताना वारा घेऊन येतो. कोल्हापूरचा हिवाळा म्हणजे कोवळं ऊन आणि गुऱ्हाळांचा धूर. आमचं वादळ जुलैत असतं, आणि ते अंगावर घ्यायचं तर फुलेवाडीवरून गगनबावड्याची वाट धरायची.

अंतर 55 किलोमीटरच्या आसपास. शहरात वर्षाला हजारभर मिलिमीटर पाऊस पडतो, बावड्यात पाच हजारांच्या वर. त्यामुळे जाताना पाऊस वाढतच जातो. वारा नैर्ऋत्येचा, थेट छातीवर. वारा ताशी 30 चा आणि आपण ताशी 15 ने रेटतोय, तर अंगावर हवा येते 45 ची. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे बिनवाऱ्याच्या दिवसाच्या नऊपट. नेदरलँड्समध्ये 2013 पासून समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याची शर्यतच भरते. वादळाचा अंदाज आला की मगच तारीख ठरते. समुद्र अडवणाऱ्या बांधावरून साडेआठ किलोमीटर, तेही बिनगिअरच्या साध्या सायकलींवर. ही माणसं आपल्यातलीच वाटतात मला. वाटेत कळे गावात चहाला थांबलं की टपरीवरची मावशी विचारतेच, ‘‘कुठं निघालायस रं असल्या पावसात? एस्टी हाय की!’’ एस्टी आहे, खरंच आहे.

पण एस्टीत ऊस ऐकू येत नाही. आडसाली ऊस जुलैत डोक्याच्या वर गेलेला असतो, आणि वाऱ्याचा झोत सायकलपर्यंत पोचायच्या आधी त्याच्या पानांतून सळसळत येतो. तो आवाज आला की हँडल घट्ट आवळायचं नाही. उलट कोपर सैल सोडायचे, अंग खाली घ्यायचं, गिअर हलका करायचा आणि पाय थांबू द्यायचे नाहीत. घट्ट धरलेली सायकल झोताबरोबर सगळी सरकते, सैल धरलेली जराशी डुलून सरळ होते. असळजच्या पुढे ऊस विरळ होतो, भाताची खाचरं लागतात. तिथे सळसळीची सूचना नाही. प्लास्टिकची खोळ पांघरून रोपलागण करणाऱ्या बाया वाकलेल्या दिसतात, आणि त्यांच्या खोळी फडफडल्या की समजायचं, आता आपली पाळी. (मी स्वतः रेनकोट घालत नाही. वाऱ्यात त्याचं शीड होतं, आणि आतून घामानं भिजायचंच असतं.)

खाचरांच्या भागात रस्त्यावर लक्ष हवं. चिखलणी करून ट्रॅक्टर बाहेर पडतात ते लोखंडी चाकांतला चिखल डांबरावर सांडत जातात. त्यावर वळायचं नाही, ब्रेकही मारायचा नाही. सरळ जाऊ द्यायचं. रिमचा ब्रेक तसाही ओल्यात लगेच धरत नाही. चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत रबर नुसतं पाणी पुसतं, मग चावतं. म्हणून उताराआधीच हलके ब्रेक लावत रिम पुसून घ्यायची.

बावड्याला पोचलं की करूळ किंवा भुईबावड्याच्या घाटात उतरायचा मोह होतो. मी उतरत नाही. त्या दिवसांत दरडींचा भरवसा नाही. तिथून परत फिरायचं, आणि खरी गंमत आता. तोच वारा पाठीवर येतो. आपला वेग वाऱ्याइतका झाला की कानातली घोंघों एकदम बंद पडते. मघाशी तोंडावर आडवा येणारा पाऊस सरळ वरून खाली पडायला लागतो. चेनची करकर, टायरखालचं पाणी, सगळं वेगळं ऐकू येतं. जाताना साडेतीन-चार तास भांडल्याशिवाय मात्र हे मिळत नाही. जीपमधून सायकल वर नेऊन नुसतं परत येणारे लोक आहेत, त्यांना हे कळेल असं मला वाटत नाही.

एका गोष्टीत मी भित्रा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकली की सायकल घरात. 43 ची, धोका पातळीची, वाट पाहायची नाही. कुंभी नदी चढली की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं, गढूळ आणि वरून संथ दिसणारं. त्यात डांबराची कड कुठे संपली ते दिसत नाही, आणि आडवा प्रवाह गुडघ्याएवढा असला तरी चाक उचलतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे महापूर पाहिलेला कोणी तिथे धाडस दाखवत नाही.

घरी आल्यावर अंघोळ आधी सायकलची. चेनमध्ये वाळू आणि तेलाचा काळा लगदा झालेला असतो, तो चेन आणि दात दोन्ही खातो. रॉकेल, जुना ब्रश, कोरडं फडकं, मग थेंबथेंब तेल. हबमध्ये पाणी शिरलं असेल तर दुकान गाठावं लागतं. आमचा मिस्त्री चाक हातात घेऊन फिरवतो, बेअरिंगची खरखर ऐकतो आणि माझ्याकडे न बघता विचारतो, ‘‘बावडा?’’