पाऊण वाजताची भरती

१० नोव्हेंबर २०२३, धनत्रयोदशी

सवाचार लाख मोजून यॉट घेतली. छत्तीस फूट, सागवानी, पितळी गोल खिडक्या, आत चार माणसं झोपतील एवढी केबिन. मालक वारले, मुलं परदेशी, म्हणून सहा वर्षं मुंबई बंदरात नुसती नांगरून पडली होती. बावीस वर्षं अलिबागला जुन्या गाड्या घेऊन, ठाकठीक करून विकतोय. हाही तोच धंदा, फक्त चाकं नाहीत, असं घरी सांगितलं. सौ. म्हणाली, "गाडी बंद पडली तर रस्त्यात उभी तरी राहते."

हिशेब असा: दुरुस्तीला तीन लाख, विक्री बारा लाखांना.

२८ नोव्हेंबर, कार्तिक वद्य प्रतिपदा

ट्रॉलरच्या मागे बांधून काल रेवदंड्याच्या खाडीत आणली. क्रेन कुठे मिळेल म्हणून मी चार फोन केले, त्यावर ट्रॉलरचा तांडेल हसला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता. पौर्णिमा कालच झाली, उधाण जोरात. बरोबर साडेबाराला दोर ओढायला घेतले, पाणी चढलं तशी यॉट आपसूक काठाच्या मांडवाशी आली. ओहोटी लागताच दोन्ही अंगांना टेकू दिले. संध्याकाळी ती चिखलावर कोरडी उभी. क्रेनचे पैसे वाचले, ट्रॉलरचे बावीस हजार गेले.

३ डिसेंबर

मिस्त्री आला. साठीचा माणूस, वडिलांनी याच खाडीवर मचवे बांधलेले. त्यानं न बोलता हातोडी घेतली आणि नाळेपासून सुकाणूपर्यंत एकेक फळी वाजवत गेला. टण, टण, टण, आणि मध्येच थप्प. जिथे थप्प वाजलं तिथे खडूची फुली. मला वाटलं होतं, फुल्या खाली पडतील, पाण्यात बुडून राहणाऱ्या भागावर. पण पठाण, म्हणजे तळाचा कणा, खणखणीत, त्याच्या बाजूच्या फळ्याही. सगळ्या फुल्या वर: केबिनच्या कडेला, डेकच्या सांध्यांत, मागच्या फळीवर.

"शेट, दर्याचं पानी लाकराला खात नाय. पावसाचं खातं."

छप्पर गळत होतं, सहा पावसाळ्यांचं गोडं पाणी केबिनच्या तळाशी साचून राहिलेलं. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात धड जगत नाही, गोड्यात माजते. खरेदीच्या दिवशी मी तासभर इंजिनात डोकं घालून बसलो होतो. छपराकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीवाल्याची खोड.

एकतीस फुल्या.

१९ डिसेंबर

तीन वाक बदलायचे. वाक म्हणजे यॉटच्या बरगड्या. मी म्हटलं, सरळ लाकूड आणून कापून घेऊ. मिस्त्रीनं मान हलवली. कापून बाक आणला तर लाकडातल्या रेषा मध्येच तुटतात आणि लाट बसली की तिथेच मोडतं. मूळचीच वाकलेली बाभळीची फांदी हवी. दोन दिवस स्कूटरवर मागे बसून चौलच्या आसपासची कुंपणं बघत हिंडलो. एका बागेच्या बांधावर अगदी तोच बाक सापडला. त्या झाडाखालून मी आयुष्यभर गेलोय.

२२ जानेवारी २०२४

लाकूड १,४०,००० वर गेलं. तीन लाखांचा आकडा वहीत खोडला, नवा लिहिला नाही. मांडवात ती फार सुकू नये म्हणून रोज पोती भिजवून अंगावर टाकतो. सौ. म्हणते, आजारी माणसाच्या घड्या बदलतात तसं करतोस.

१४ मार्च

फटी भरून झाल्या. कापसाची वात छिन्नीनं ठोकत न्यायची, वर राळ आणि तेलाचं लुकण. लोखंडी खिळे गंजून लाकडात काळे डाग धरून बसलेले, ते काढून तांब्याचे मारले. हे काम बघत बसावंसं वाटतं. मजुरी आठवली की वाटत नाही. इंजिन मात्र माझं खातं. लेलँडचं सहा सिलिंडरचं धूड, बंद राहून अडकलेलं. आठ दिवसांत खोललं, गिअरबॉक्ससकट १,६८,०००.

९ एप्रिल, गुढीपाडवा

पुन्हा प्रतिपदा, पुन्हा पाऊण वाजता. तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून तांबंयुक्त रंग परवा दिला होता. नाळेवर नारळ फोडला. पाण्यात गेली आणि प्रत्येक सांध्यातून रडायला लागली. माझ्या पोटात गोळा आला. मिस्त्री विडी पेटवून बसला. लाकूड पाणी पिऊन फुगेल आणि फटी मिटतील, म्हणाला. रात्रभर पंप चालू ठेवून जागलो.

११ एप्रिल

पंप आता तासाला पाच मिनिटं.

पण मी एक शहाणपणा केला. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो, तिथल्या ग्लँडमधून पाणी ठिबकत होतं. गाडीत काहीही ठिबकलं की आवळायचं, तसं आवळलं. कोरडं ठणठणीत! वीस मिनिटांच्या फेरीत दांडा इतका तापला की ग्लँडची दोरी जळल्याचा वास आला. यंत्र फिरताना तिथे मिनिटाला चार-दोन थेंब पडलेच पाहिजेत. तेच पाणी दांड्याला थंड ठेवतं. नवी दोरी भरली. तांडेलानं हे सगळ्या बंदरावर सांगितलंय.

१२ मे

विकली. मांडव्याला बंगला असलेले एक गृहस्थ. त्यांनीही तासभर इंजिनच बघितलं. मी स्वतः त्यांना केबिनच्या छपराखाली नेऊन नव्या फळ्या दाखवल्या. का, ते सांगता येणार नाही. गाडी विकताना असं कधी केलेलं नाही.

साडेअकरा लाख. खर्च: खरेदी ४,२५,०००, ओढणावळ २२,०००, लाकूड १,४०,०००, मिस्त्री आणि दोन हाताखालचे २,०५,०००, इंजिन १,६८,०००, रंग-खिळे-राळ-पंप ६०,०००. बेरीज १०,२०,०००. दलाली २३,०००. उरले १,०७,०००. सौ.नं विचारलं, यात तुझे सहा महिने कुठे धरलेत?

२४ मे

नव्या मालकांचा फोन: पावसाळ्यात ठेवायची कुठे? उघड्यावर नको, हे त्यांना मीच पटवून दिलेलं. आज वैशाख वद्य प्रतिपदा. पाऊण वाजता ती परत त्याच मांडवात, त्याच टेकूंवर. भाडं महिना सहा हजार ठरलं. मांडव नव्यानं शाकारायला हवा, त्याचे झाप उद्या येतील.

मिस्त्री सहज आला होता. खिशातून हातोडी काढून मागची फळी वाजवली आणि माझ्याकडे बघितलं. टण. ऐकू आलं मला.